‘मी आलो’ की ‘मी आले’?

गेल्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या : भाचीने हातात ठेवलेली एक चिनी कादंबरी इंग्रजीतून वाचते आहे, ‘खमकी नायिका’ फार आवडली, अनुवाद तितका नाही. त्या दोन ओळींवर अकरा पत्रं आली. मागे ऱ्हस्व-दीर्घावर चार पानं लिहिली होती तेव्हा एक आलं होतं, तेही माझीच चूक दाखवणारं.

कादंबरीचं नाव छापत नाही. एकाच कथेला इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन नावं चालतात. त्यावरून आणखी अकरा पत्रं यायची. कथा मात्र सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डोंगरावर तलवार आणि योग शिकवणारा एक मठ. तिथे फक्त मुलगे घेतात. सोळा वर्षांची एक मुलगी मेलेल्या भावाचं नाव सांगून, त्याचेच कपडे घालून आत शिरते. औषधांच्या कोठीवर तिला काम मिळतं. ज्याच्याशी लहानपणी लग्न ठरलेलं, तो तिथेच असतो. तो तिला ओळखतो, स्वतःच्या बढतीसाठी तिचं बिंग फोडतो, आणि तिला कड्यावरून ढकललं जातं. सात वर्षांनी ती परत येते. मठातला थोरला गुरुबंधू तेवढा तिच्या बाजूचा.

अकरापैकी सहा पत्रं घेतली आहेत. बाकीच्यांत ‘शेवट सांगा’ एवढंच होतं.

प्रश्न : मुलगी मोबाइलवर ही कादंबरी मराठीत वाचते. मी सहज डोकावलो तर ओळ होती, ‘त्याने तीनशे वर्षे लागवड केली तरी त्याचा सोनेरी गाभा तयार झाला नाही.’ आम्ही चोवीस वर्षं द्राक्षं लावतो. ही कसली लागवड? (एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : तीनशे वर्षांत एकदाही माल धरला नाही म्हणजे तुमच्या हिशेबाने ती बाग केव्हाच तोडायला हवी होती!

हे मराठी माणसाने केलेलं नाही, यंत्राने केलेलं आहे. मूळ चिनी शब्द ‘श्यूश्येन’, म्हणजे साधना करून सिद्ध होणं, अमर होणं. इंग्रजी अनुवादकांनी त्याला ‘कल्टिव्हेशन’ म्हणायचा पायंडा पाडला. यंत्राने त्या इंग्रजी शब्दाचा कोशातला पहिला अर्थ उचलला आणि बिचाऱ्या तपस्व्याच्या हातात फावडं दिलं.

साधना अशी, की शरीर हीच भट्टी. श्वास आवरून प्राणशक्ती नाभीच्या खाली साठवायची, मुरवायची. तिची घट्ट गुटिका झाली की तो ‘सोनेरी गाभा’. ताओपंथी योग्यांची ही जुनी कल्पना, कादंबरीवाल्यांनी तिच्या पायऱ्या पाडून शाळेच्या इयत्तांसारख्या लावल्या. वरच्या इयत्तेत जाताना आभाळातून वीज पडते. टिकला तो पास.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ऐकलेल्या माणसाला यात परकं काही वाटू नये. आमची आजी श्रावणात नवनाथांची पोथी लावायची, चाळीस अध्याय. आम्ही पोरं जुन्या नाशकातल्या वाड्याच्या ओसरीवर बसून मच्छिंद्र-गोरखांच्या करामती ऐकायचो. त्र्यंबकेश्वर इथून तीस किलोमीटरही नाही. नाथांच्या शेजारी राहून आपण ‘साधना’ला ‘लागवड’ वाचायचं, हे मला फार लागलं.

आता तुम्हाला आवडेल असं. नाभीखालच्या त्या जागेला चिनी शब्द आहे ‘दानत्येन’, आणि त्याचा शब्दशः अर्थ हिंगुळाचं शेत. तेव्हा यंत्र अगदीच आंधळं नाही. शेत आहे. फक्त ते पोटात आहे.

प्रश्न : आपल्याकडे काय कमी आहे म्हणून आता चिनी कादंबऱ्या वाचायच्या? (एक निवृत्त वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : कमी काही नाही. पण त्यांनी आपल्याला आधी वाचलं आहे.

ह्युएनत्संग ६२९ मध्ये चीनमधून निघाला आणि ६४५ मध्ये परत पोचला. मधे तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात, येऊन गेला. त्याने राजधानीचं जे वर्णन केलं आहे त्यावरून ती नाशिकच, असं काही अभ्यासकांनी मानलं. काहींनी दुसरी गावं सुचवली. राजधानी कुठलीही असो, माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलंय ते वाचा : उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, संकटात कुणी मदत मागितली तर स्वतःचं भान विसरून धावतात. आणि सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी कळवतात, मग दोघं हत्यार घेऊन समोर येतात.

आमच्या नायिकेनेही परत आल्यावर मठाच्या दारात चिठ्ठी ठेवली आहे : अमुक दिवशी येते, तयार राहा. मी ते पान वाचताना थांबले. जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी एका चिनी भिक्षूला आपल्यात जे दिसलं, ते मला चिनी मुलीत दिसत होतं. पुढे हाच ह्युएनत्संग सोळाव्या शतकातल्या एका अद्भुत कादंबरीचा नायक झाला, सोबत माकड घेऊन. म्हणजे या प्रकारच्या लिखाणाच्या मुळांत भारतात येऊन गेलेला एक प्रवासीही आहे. वाचून बघा, नाही आवडली तर सोडा.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. रात्री दीड-दोनपर्यंत ‘एकच प्रकरण’ म्हणत वाचते. शिवाय तिच्या एका कादंबरीत गुरू आणि शिष्येचं प्रेम आहे. मोबाइल काढून घेऊ का? (एक आई, इंदिरानगर)

उत्तर : दोन प्रश्न आहेत, वेगळे ठेवू.

पहिला झोपेचा. या कादंबऱ्या आधी रोज एक-दोन प्रकरणं अशा नेटवर येतात. सुरुवातीची प्रकरणं फुकट, पुढच्यांना हजार अक्षरांच्या हिशेबाने पैसे. २००३ साली सुरू झालेली जिनजियांग नावाची साइट तर मुख्यतः बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या कथांवरच उभी आहे. अक्षरावर पैसे म्हटल्यावर कथा हजार-दोन हजार प्रकरणं लांबते, आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडतात की पुढचं उघडल्याशिवाय चैन पडू नये. म्हणून मुलीला सांगा, प्रकरण संपल्यावर थांबायचं नाही, प्रकरणाच्या मध्यावर थांबायचं. मध्यावर सहसा कुणी चहा पीत असतं किंवा औषध कुटत असतं. तिथे खूण घालून मोबाइल तुमच्या उशाशी. मी स्वतः असंच करते. एरवी मीही दोन वाजवले आहेत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

दुसरा प्रश्न खरा अवघड. गुरूला चिनीत ‘शिफू’ म्हणतात. तो शब्द लिहायची एक रीत अशी, की त्यातलं दुसरं अक्षर ‘वडील’. त्यामुळे अशा प्रेमाला त्या कथांमध्येही समाज नावं ठेवतो. जिन योंग या फार गाजलेल्या लेखकाने साठ-एक वर्षांपूर्वी हा विषय घेतला तेव्हा गुरू बाई होती आणि शिष्य पुरुष, आणि सगळं जग त्या दोघांवर उठलं होतं. सगळ्याच कादंबऱ्यांत एवढी जाण नसते. काहींत तीनशे वर्षांचा गुरू पंधरा वर्षांच्या पोरीला वाढवतो आणि मग तिच्याच प्रेमात पडतो; मला ते किळसवाणं वाटतं आणि तसं मी भाचीला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, ‘मावशी, ती मी सातव्या प्रकरणालाच सोडली.’ तुम्हीही विचारा. ‘तुला हा गुरू कसा वाटतो?’ एवढंच, आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मोबाइल हिसकावला तर उत्तर मिळणार नाही.

प्रश्न : मी कॉलेज रोडला शिकते. ही कादंबरी इंग्रजीवरून मराठीत करून बघते आहे, सध्या फक्त स्वतःसाठी. नायिका साठ प्रकरणं मुलगा बनून वावरते. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटलं की भागतं. मराठीत तिने ‘मी आलो’ म्हणायचं की ‘मी आले’? आणि ‘शिज्ये’ला काय म्हणू? ‘ज्येष्ठ भगिनी’ फार सरकारी वाटतं. (एक विद्यार्थिनी)

उत्तर : एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली. नाशिकरोडला नोटा छापतात, तिथे चूक चालत नाही. आमच्या धंद्यात निदान शुद्धिपत्र असतं. या एकतीस वर्षांत इतका सुंदर प्रश्न मला कुणी विचारला नाही. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी चिनीचं बघू. तिथे क्रियापदाला लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींचा उच्चार ‘ता’. लिहिताना ‘ती’साठी वेगळं अक्षर आहे, पण ते प्रचारात आलं १९२० च्या आसपास, ल्यू बान्नोंग या कवीच्या आग्रहाने. म्हणून मुलगी पुरुषवेषात लढायला गेली ही गोष्ट त्या भाषेत सुखाने नांदते. मुलानचं जुनं गीत आहे. त्यात बारा वर्षं बरोबर काढलेल्या सोबत्यांना ती बाई आहे हे कळत नाही. शेवटी ती म्हणते, दोन ससे शेजारी-शेजारी पळत असले की नर कोण आणि मादी कोण, सांगा बघू.

मराठी मुलान पहिल्याच संध्याकाळी पकडली गेली असती. ‘दमले गं बाई’ म्हणून बसली असती.

तर तुमच्या नायिकेने चारचौघांत ‘मी आलो’ म्हणायचं आणि मनात ‘मी आले’. हे उघड आहे, पण एवढ्यावर थांबू नका, कारण आपल्या व्याकरणात तिला लपायला जागा आहेत. ‘मी तलवार उचलली’, ‘मी काढा उकळला’ : इथे क्रियापद कर्माच्या मागे जातं, बोलणारी बाई की बुवा ते कळतच नाही. ‘मला जायचंय’, ‘मला ठाऊक नाही’ : सुरक्षित. ‘मी उद्या येईन’ : सुरक्षित. धोका फक्त ‘मी गेलो-गेले’, ‘मी जातो-जाते’ इथे. कर्तरीत ती सापडते, कर्मणीत सुटते. शाळेत बाईंनी प्रयोग शिकवले तेव्हा त्यांचा असा उपयोग असेल हे कुणाच्या डोक्यात आलं असतं? तुमची नायिका हुशार आहे. ती पहिल्या महिन्यात धोक्याची वाक्यं टाळत बोलेल, थोडी तुटक वाटेल. मठातली पोरं म्हणतील, हा नवा फार कमी बोलतो. सहाव्या महिन्यात ‘आलो, गेलो’ जिभेवर बसेल. आणि एकदा तापात, बेशुद्धीत, ती ‘मी नाही जाणार, मी दमलेय’ म्हणून जाईल. कड्यापर्यंतचा रस्ता तिथून सुरू होऊ शकतो. (कोल्हापूरकडे मुलीही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. तिकडची नायिका असती तर कादंबरीच झाली नसती.)

आता थोरला गुरुबंधू. तुम्हाला कोठीतला प्रसंग आठवत असेल. तिचा हात भाजतो, तो पट्टी बांधतो, आणि त्याला कळतं. इंग्रजीत लेखिकेला इथे दीड पान लागलं आहे : त्याचे डोळे, त्याचा श्वास, त्याची बोटं. तुम्हाला एक अक्षर पुरेल. तोवर तो तिला ‘तू आलास का?’ म्हणत आला आहे. शंका आली की तो ‘तुम्ही आलात’वर जाईल. ‘तुम्ही’त बाई-पुरुष दोन्ही मावतात, आणि खोटंही बोलावं लागत नाही. बाकीची पोरं हसतील, ‘या काढे उकळणाऱ्याला अहो-जाहो कशाला?’ तो उत्तर देणार नाही. मग ती कबूल करते त्या रात्री, एकदाच, हलक्या आवाजात : ‘तू आलीस.’ आणि दुसऱ्या दिवशी अंगणात, सगळ्यांसमोर, तिचं गुपित राखण्यासाठी पुन्हा : ‘उशिरा आलास.’

हे चिनीत करता येत नाही, इंग्रजीतही नाही. मूळ लेखिकेला मराठी येत असतं तर तिने हेच केलं असतं, असं मला वाटतं. अनुवादात आपण नेहमी काय हरवलं ते मोजतो. इथे तुमच्या पदरात फुकट पडलंय ते सोडू नका.

‘शिज्ये’चं सोपं आहे. इंग्रजीला ‘थोरली बहीण’ म्हणायला दोन शब्द जुळवावे लागतात, आपल्याकडे ‘ताई’ तयार आहे. ‘शिश्युंग’ म्हणजे ‘दादा’. फक्त एक पेच : मठात थोरलेपण वयावर नसतं, मठात कोण आधी आलं यावर असतं. चाळिशीतला दाढीवाला शेवटी-शेवटी विशीतल्या नायिकेला ‘ताई’ म्हणतो. हे विचित्र वाटेल म्हणून ‘ज्येष्ठ भगिनी’ करू नका, विचित्र वाटू द्या. चांगदेवांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. चौदाशे वर्षं योगबळावर काळाला परतवणारा माणूस (चिनी हिशेबाने फारच वरची इयत्ता), आणि ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना काय घालावा इथे अडला. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थरूप’? शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोरा तो कोराच. पुढे तीच चिमुरडी त्यांची गुरू झाली. मराठी वाचक सातशे वर्षांपासून या पेचाला सरावलेला आहे.

एक कोरडी सूचना. स्वतःसाठी वहीत करताय तोवर ठीक. छापायचं किंवा कुठे चढवायचं झालं तर मूळ लेखिकेची किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागेल.

प्रश्न : नायक एका ठिकाणी ‘व्हिनेगर खातो’. हा छापखान्याचा घोळ का? (एक वाचक, जेल रोड)

उत्तर : नाही, घोळ नाही. चिनीत प्रेमातल्या मत्सराला ‘व्हिनेगर, म्हणजे शिरका, खाणं’ म्हणतात. त्याची कथा अशी सांगतात : तांग सम्राट ताइझोंग (आपल्या ह्युएनत्संगाच्या वेळचाच) याला आपल्या मंत्र्याला, फांग श्वानलिंगला, उपस्त्री बक्षीस द्यायची होती. मंत्र्याची बायको ऐकेना. सम्राटाने तिच्यापुढे पेला ठेवला : परवानगी दे, नाहीतर हे विष पी. बाईने पेला उचलून एका दमात रिकामा केला. आत विष नव्हतं, शिरका होता. दंतकथा असेल, पण ‘खमकी नायिका’ म्हणून मला ही बाई कादंबरीतल्या बहुतेक जणींपेक्षा वरची वाटते.

मराठीत याला नेमका शब्द नाही. ‘पोटात दुखणं’ दुसऱ्याच्या भरभराटीबद्दल, ‘सवतीमत्सर’ फारच जड. मी असते तर ही गोष्ट एकदा कुणाच्या तरी तोंडी घातली असती आणि मग बिनधास्त लिहिलं असतं : ‘आज कुणीतरी शिरका प्यायलंय वाटतं.’

प्रश्न : ‘खमकी नायिका’ म्हणजे तलवार घेऊन सगळ्यांना झोडपणारीच का? आमच्या सासूबाईंनी पतपेढीचं कर्ज फेडत चार मुलं शिकवली, त्यांच्यावर कुणी दोन हजार प्रकरणं लिहीत नाही. शिवाय तुमची ती प्रत वाचायला मिळेल का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. या प्रकारच्या कादंबऱ्यांत निम्म्या नायिका नुसत्या झोडपणाऱ्या असतात. पन्नास प्रकरणं अपमान, मग पन्नास प्रकरणं थोबाडीत. वाचायला मजा येते, दुसऱ्या दिवशी आठवत काही नाही.

ही मला का लक्षात राहिली, ते एका प्रसंगामुळे. सात वर्षांनी तो लग्न ठरलेला मुलगा क्षमा मागायला येतो. बाहेर बर्फ, तो गुडघ्यांवर. या क्षणी बाकीच्या नायिका एकतर तलवार काढतात नाहीतर रडतात. ही कोठीत वनस्पती जोखत बसली आहे. काटा स्थिर होईपर्यंत मान वर करत नाही. मग म्हणते, ‘दार लावून घे, पुड्या ओल्या होतील.’ आत ये म्हणत नाही, जा म्हणत नाही. क्षमा मागणं त्याचं काम, देणं तिच्या कामाच्या यादीत नाही. पुढे सगळा मठ तिला समजावतो : मोठ्या मनाची हो, झालं गेलं विसर. ती ऐकून घेते आणि पुन्हा काट्याकडे वळते. लेखिकेने तिला शेवटपर्यंत क्षमा करायला लावलेली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. ‘विसरून जा’ म्हणणाऱ्यांची रांग आपल्याकडेही लांब असते. मी ती माझ्या घरात पाहिली आहे, त्याहून जास्त इथे लिहीत नाही.

तुमच्या सासूबाईंवरून आठवलं. परवा भाचीला घेऊन पांडवलेण्यांवर गेले होते. पायऱ्या चढताना तीनदा बसले. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. दोन हजार वर्षांच्या जवळपासचा, प्राकृतात, नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाची एवढी लांब यादी आपल्याला याच लेखात मिळते, आणि ती त्याच्या आईने करवलेली. शक, यवन, पह्लव यांचा नाश करणारा तो. स्वतःबद्दल ती मोजकंच म्हणते : सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमलेली. भाचीने ते फलकावरचं वाचलं आणि म्हणाली, ‘क्षमा? मग ही आपल्या नायिकेच्या उलट.’ मी म्हटलं, लेणं तिचं, लेख तिचा, मुलाला नावही तिचंच लागलेलं. क्षमा करायची की नाही हे तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. ती ऐकत नव्हती, खालच्या हायवेचे फोटो काढत होती.

प्रतीबद्दल. ती भाचीची आहे, आणि तुमच्या आधी तीन जणींचा नंबर लागला आहे. तीन जाडजूड भाग आहेत, एका वेळी एकच मिळेल. समासात माझ्या लाल शाईच्या खुणा आहेत, त्या खोडू नका. दुसऱ्या भागात पान दोनशे बारावर तेलाचा डाग आहे तो माझ्या चिवड्याचा, तो आधीपासूनचा धरावा.